चाकातले केस

दादासाहेबांनी खुर्ची व्यासपीठावर आणायला सांगितली. मला नाही, फक्त माझी खुर्ची.

मी खाली सतरंजीवर होते. आईच्या खांद्याला टेकून, कारण माझी कंबर मला सरळ धरून ठेवत नाही. दादासाहेबांच्या ट्रस्टकडून व्हीलचेअर मिळालेले आम्ही सगळेच सतरंजीवर होतो. भुकूमला दादासाहेबांचं फार्महाउस, तिथला मोठा हॉल. समोर त्यांच्या वडिलांचा, आप्पांचा, हार घातलेला फोटो आणि पुढे समई. आप्पांची पुण्यतिथी. पूजा झालेली, म्हणून चपला बाहेर काढायच्या. आमच्या खुर्च्याही बाहेरच, चपलांच्या रांगेला लागून. ट्रस्टच्या पोरांनी आम्हाला काखेत हात घालून उचललं आणि आत आणून ठेवलं. पाहुण्यांना बसायला मात्र आत खुर्च्या होत्या, पांढरी कापडं घातलेल्या.

दोन पोरांनी माझी खुर्ची उचलून वर नेली आणि टेबलावर उलटी ठेवली. चाकं वर. मला उगाचच ओढणी सावरावीशी वाटली.

दादासाहेब वाकले. पुढच्या छोट्या चाकात दोन बोटं घातली आणि ओढलं. केसांचा गुंता निघाला. लांब केस, धुळीनं माखलेले, त्यात लाल-हिरवे दोरे गुंडाळलेले. तो गुंता त्यांनी माइकच्या उंचीला धरला.

"हे बघा. हे असं ठेवतात. माणूस पदरचे पैसे घालतो आणि हे असं ठेवतात."

लोक हसले. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं तोंड फिरवलं. मग दादासाहेबांनी खुर्ची सरळ करायला लावली, सीटवरची गादी दाबून बघितली, हात नाकाशी नेला, आणि खिशातून रुमाल काढून नाकाला लावला. माइक चालूच होता.

"अरे, वास मारतंय हे."

आता कुणी हसलं नाही. ते जास्त वाईट होतं.

आई एकदम उठून उभी राहिली, हात जोडून. ती उठली आणि मी आडवी झाले, कारण मी तिलाच टेकले होते. भर हॉलमध्ये, सतरंजीवर, एका कुशीवर. आईला कळलंच नाही. ती व्यासपीठाकडे बघून बोलत होती. "चूक झाली सायेब. पोरीचं ध्यान न्हाई. मी घासूनपुसून ठिवीन. आवंदाची येळ माफी करा."

शेजारी बसलेल्या बाबूभाईंनी मला खांद्याला धरून उठवलं. पौडचे बाबूभाई. बाजारात त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं, साखरेच्या आजारानं एक पाय गुडघ्यावर कापलेला. मला उठवलं आणि मी पुन्हा पडू नये म्हणून आपला दंड माझ्या पाठीला लावून ठेवला.

साल दोन हजार तीन. मी वीस वर्षांची होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं माझी वेणी कापली. माझ्याच कात्रीनं, ज्या कात्रीनं मी साडीचा फॉल कापायचे.

"केसच न्हाईत तर गुततील कशे," म्हणाली.

मी मान पुढं करून बसले. कमरेपर्यंत केस होते माझे. झाडावरून पडल्यापासून अंगात जे काही बघण्यासारखं उरलं होतं, त्यात ते एक. आई कापत होती आणि रडत होती, पण कापायची थांबत नव्हती. मला खरं तर दादासाहेबांचा राग यायला हवा होता. त्या दिवशी मला खुर्चीचाच आला. दिवसभर मी तिच्यावर बसले नाही. संध्याकाळी बसले, कारण लघवीची पिशवी रिकामी करायला मोरीपर्यंत जायचं होतं. राग धरायला सुद्धा पाय लागतात.

मी पडले ती अठ्ठ्याण्णव साली, जांभळाच्या झाडावरून. नववीची परीक्षा झाली होती. फांदी मोडली आणि मी बांधावरच्या दगडावर पाठीवर आले. उठायला गेले तर कमरेखाली कुणीच नव्हतं. ससूनला नेलं, तिथून परत आणलं. डॉक्टर आईला म्हणाले, आता अशीच. वडील मी लहान असतानाच गेलेले. घरात आम्ही दोघीच, माण गावात, ओढ्याकडेच्या वस्तीत, पत्र्याच्या घरात.

आम्हाला जमीन नव्हती. ज्यांना होती त्यांच्या जमिनी कंपन्यांसाठी गेल्या, पैसा आला, बंगले झाले, बंगल्यांवर भाड्याच्या खोल्या चढल्या. आई ज्या रानात खुरपायला जायची ते रानच उरलं नाही. मग ती त्याच मालकांच्या खोल्यांचे जिने झाडायला लागली. दादासाहेब त्या जमिनींच्या व्यवहारातच मोठे झाले. त्यांच्याबद्दल गावात कुणी वाईट बोलत नसे. बोलून जायचं कुठं?

चार वर्षं मी जमिनीवर काढली. गोणपाटावर बसायचं आणि हातांनी ओढत सरकायचं. अंगाला कळत नाही, म्हणून कुठं घासतंय तेही कळत नाही. एकदा बैठकीच्या हाडावर जखम झाली. आईला वासावरून कळलं. मूठ जाईल एवढं भोक. तीन महिने मी पालथी पडून होते, भिंतीकडे तोंड करून. तापानं दोनदा मरता मरता वाचले. हे सांगते ते कीव यावी म्हणून नाही. पुढं जे झालं ते कळावं म्हणून सांगते. माझ्यासारखीला चुकीच्या जागी बसवणं म्हणजे तिला पुन्हा त्या भिंतीकडे तोंड करून पाडणं आहे.

मग ट्रस्टची खुर्ची आली. पाठीमागच्या रेक्झिनवर पांढऱ्या रंगात मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'कै. आप्पांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट'. मी ज्यांना कधी बघितलं नाही त्या माणसाची पाटी पाठीवर घेऊन मी फिरायला लागले. फिरायला लागले हे मात्र खरं. दारातून बाहेर. ओढ्यापर्यंत. डांबरी रस्त्यापर्यंत. पहिल्या आठवड्यात मी नुसतीच रस्त्याला जाऊन बसायची आणि ट्रक बघायची.

खुर्ची आली ती माझ्या मापाची नव्हती. कुणाच्याच मापाची नसते ती. पाय लोंबायचे आणि गुडघे बाहेर पडायचे. गावातल्या सायकलवाल्याला सांगून मी पाय ठेवायच्या पट्ट्या वर घेतल्या. सीट झोळीसारखी खचायची, तिच्याखाली फळी घातली. गादी मी स्वतः शिवली. स्पंजाचे दोन थर, आणि जुन्या जखमेच्या खाली कापून केलेला खड्डा, म्हणजे हाड टेकायला नको. वरून खोळ. अशी महिनाभर करत करत ती माझी झाली.

मग काम मिळालं. माणच्या खोल्यांमध्ये नांदेडच्या, लातूरच्या, सोलापूरच्या पोरी राहायला आल्या होत्या, कंपनीत नोकरीला. त्यांना लग्नाकार्याला साड्या लागायच्या. फॉल लावणं, हुक लावणं, ब्लाउज उसवून सैल करणं. दारापुढच्या पत्र्याखाली मी खुर्चीवर बसून ते करायला लागले. दोरे जमिनीवर पडतात. केस विंचरले की केस पडतात. पुढची चाकं ते गोळा करत फिरतात. सगळं आसाला जाऊन गुंडाळतं. चाकातले केस म्हणजे काही पाप नव्हतं. मी दिवसभर काम केलेलं होतं ते.

आणि मी खुर्ची ठेवत नव्हते? सकाळी पहिलं काम तेच. पिळलेल्या फडक्यानं नळ्या पुसायच्या. मागच्या चाकांच्या आऱ्या एकेक करून पुसायच्या, ढिली लागली तर पान्ह्यानं आवळायची. माणच्या रस्त्यावर तेव्हा सिमेंटची धूळ. ती टायरला चिकटून घरात येते, आणि चाक फिरवताना तळहाताला लागून हात फाटतात. म्हणून टायर दोनदा पुसायचे. हवा बघायची, कारण हवा कमी असली की ब्रेक टायरला नीट टेकत नाही आणि उतारावर खुर्ची मला घेऊन निघते. खोळ रोज धुवायची. रोज. पिशवी कधी कधी गळते. गळणार. माझ्या शरीराचं ते असं आहे. दादासाहेबांच्या रुमालाला त्यातलं काय कळणार होतं.

पण धुवायची ती फक्त खोळ. खुर्ची पुसायची असते, धुवायची नाही. पाणी चाकातल्या छर्ऱ्यांत गेलं की ग्रीस वाहून जातं आणि आत गंज धरतो. सायकलवाल्यानं हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आमच्या वस्तीत कुणालाही विचारा, सांगेल.

पुढच्या पुण्यतिथीच्या आधी दोन दिवस ट्रस्टचा टेंपो दारात आला. ट्रस्टचं सगळं काम एक सर बघायचे. शाळेतून निवृत्त झालेले, गोड बोलणारे, प्रत्येकाला बाळ म्हणणारे. म्हणाले, "बाळ, यंदा सगळ्यांच्या खुर्च्यांचं सर्व्हिसिंग आम्हीच करून देतोय. मागच्या वेळेसारखं नको व्हायला. तुमच्याच भल्यासाठी."

"सर, खुर्ची नेऊ नका. माझी मी पुसते. दोन दिवस मी काय करू?"

सर आईकडे बघून हसले. आईनं मला काखेत धरलं, उचलून अंथरुणावर ठेवलं आणि खुर्ची टेंपोपर्यंत स्वतः ढकलत नेली. वर्षभर तिच्या डोक्यात तो रुमाल होता. मी पुन्हा गोणपाटावर आले. दोन दिवस. एका पोरीची साडी द्यायची होती, ती राहिली.

तिसऱ्या दिवशी आम्हाला भुकूमला नेलं. खुर्च्या अंगणात एका ओळीत मांडलेल्या होत्या, लखलखीत, प्रत्येकीच्या दांडीला झेंडूची माळ. गाड्या धुवायच्या सेंटरवर नेऊन पाण्याच्या जोराच्या फवाऱ्यानं धुतल्या होत्या सगळ्या. गाद्या, खोळी, छर्रे, सगळं. आधी अंगणात फोटो आणि मग आत कार्यक्रम असं ठरलं होतं. पोरं भराभर एकेकाला उचलून खुर्च्यांत बसवत होती, ज्याला जी हाताशी येईल ती.

मला बसवलं आणि मी आत खोल गेले. दोन्ही बाजूंना मोकळं. पाय लोंबायला लागले. मी खाली हात घालून बघितला. फळी नाही. खड्डा नाही. नुसती पातळ गादी, आणि ती ओली.

"ही माझी न्हाई," मी म्हणाले.

"सगळ्या सारख्याच हायेत," मला बसवणारा पोरगा म्हणाला, आणि पुढच्याला उचलायला गेला.

मी मान वळवून ओळीवर नजर फिरवली. चार खुर्च्या सोडून बाबूभाईंना बसवलं होतं. त्यांचं ते मोठं शरीर एका अरुंद खुर्चीत दाबून बसवलेलं, दोन्ही मांड्या नळ्यांत रुतलेल्या, चांगला पाय उचललेल्या पट्टीवर वर आलेला, गुडघा छातीपाशी. ती माझी होती. देवळाबाहेर चपलांची अदलाबदल होते तशी आमची झाली होती. चपलेची अदलाबदल झाली तर माणूस घरी येऊन हसतो तरी.

सर आले. मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बाळ, फोटोपुरतं. पाहुणे थांबलेत. मग शांतपणे बदलू."

बाबूभाई लांबून म्हणाले, "जाऊ दे गं पोरी. घडीभराचा प्रश्न हाय. मी बसतो कसाबसा."

"चाच्या, तुमी कसंबसं बसू नका," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "तुमचीबी खुर्ची माझ्याकडं हाय. माझी मला द्या, तुमची तुमी घ्या. मग फोटो काढा न्हाईतर काई काढा."

तेवढ्यात दादासाहेब बंगल्यातून बाहेर आले. पांढरे कपडे, मागं पाहुणे, फोटोवाला. माइक नव्हता, त्यामुळे ते त्यांच्या खऱ्या भाषेत बोलले.

"काय चाललंय हिचं?"

सर हळू आवाजात काहीतरी बोलले. दादासाहेब माझ्याकडे आले. वरून बघितलं.

"गेल्या साली घाण करून आनलीस. औंदा धुवून दिली तर ही नको म्हनती. फुकटचं घावलं की माज येतो, तो असा."

आई मागं होती. तिचे हात जोडले जाण्याचा आवाज येत नाही, पण मला कळलं, जोडले. तिला पुन्हा माफी मागू द्यायची नव्हती. माझ्या जागी तिनं आता एकही शब्द बोलायचा नव्हता.

मी दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर टेकवले, अंग उचललं आणि स्वतःला खाली सोडलं. फरशीवर. माळ तुटली, झेंडू इकडं तिकडं गेले. लोकांना वाटलं पडली. दोघे धावले.

"हात लावायचा न्हाई," मी म्हणाले. "मी उतरलेय."

आणि मी सरकायला लागले. हातावर जोर, अंग पुढं, पाय मागून फरफटत. चार खुर्च्यांच्या पुढून. फोटोवाल्याच्या पुढून. पाहुण्यांच्या बुटांपुढून. मागच्या वर्षी त्यांनी मला आडवी पडलेली बघितली होती, तेव्हा मी मेल्याहून मेले होते. या वेळी मी त्यांना नीट बघू दिलं. ओढणी कुठं पडली ते बघितलं नाही. एक लहान मूल आईला काहीतरी विचारायला लागलं आणि तिनं त्याचं तोंड दाबलं.

बाबूभाईंच्या खुर्चीपाशी थांबले. ते माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी ट्रस्टच्या पोरांना हाक मारली, असा जरबेचा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "ए, हिकडं या. मला उतरवा. आत्ता. माझी खुर्ची तितं हाय, तितं न्या."

पोरांनी दादासाहेबांकडे बघितलं. दादासाहेबांनी फोटोवाल्याकडे मान वळवली. पोरांनी बाबूभाईंना उचललं.

माझी गादी दाबली तर पाणी निघालं. मी ती काढून बाजूला टाकली आणि आईला म्हणाले, "घोंगडी आन टेंपोतली." आईनं आणली. घडी घालून फळीवर ठेवली. तिच्या खांद्याला धरून मी वर बसले. चाक फिरवलं तर आतून करकर आवाज यायला लागला. त्या ओळीतल्या जवळजवळ सगळ्याच खुर्च्यांतून तो येत होता. फोटो त्यांनी काढला. मी पाठ करून बसले होते. त्यांच्या फोटोत माझी फक्त पाटी आली असेल, आप्पांच्या स्मरणार्थ.

आत कुणी नेलं नाही मला. बरंच झालं.

घरी आल्यावर आई बोलली.

"खुर्ची काढून घेतील आता. मंग काय करशील? मी मेल्यावर तुला कोन वढल?"

तिचं चूक नव्हतं. मी भरतकामाची सुई घेतली आणि पाठीमागची पांढरी अक्षरं खरवडायला बसले. सुईनं होईना, मग पात्यानं. रेक्झिन फाटलं तिथं जाड कापडाचा तुकडा लावून शिवून टाकला.

आठ-दहा दिवसांनी टेंपो आला. सर होते, ड्रायव्हर आणि दोन माणसं. दुपारची वेळ. मी पत्र्याखाली बसून एका हिरव्या साडीला फॉल लावत होते.

"बाळ," सर म्हणाले, "दादासाहेबांचा निरोप आहे. खुर्ची परत न्यायला सांगितलीय. नेरे गावात एक बाई आहेत, त्यांना फार गरज आहे."

बघा कसं असतं. मला माझी खुर्ची हवी असली तर मी नेऱ्याच्या बाईच्या पोटावर पाय देणारी. ती बाई होती की नव्हती, मला आजही माहीत नाही.

"त्यांना नवी द्या," मी म्हणाले. "ही त्यांना बसायची न्हाई. ही माझ्या अंगाची हाय."

"खुर्ची ट्रस्टची आहे."

"ट्रस्टनं मला दिली तवाच माझी झाली. भेट म्हनून लिवलं होतं त्याच्यावर. भेट परत घेत्यात व्हय सर?"

आई दारात आली. "दे गं," म्हणाली. "देऊन टाक. कशाला मोठ्या मान्सांशी वैर."

"आई, तू आत जा."

ती गेली नाही. उंबऱ्यावर बसून राहिली.

मी साडी गुंडाळून मांडीवर ठेवली. दोन्ही बाजूंचे ब्रेक ओढले. सकाळीच हवा भरली होती, ब्रेक टायरला घट्ट बसले. हातांनी चाकं धरली. "न्यायची तर बसल्यासकट न्या. न्हाईतर मला उचलून भुईवर टाका आन मंग न्या. पन हितं घरात न्हाई. तिकडं रस्त्यावर टाका, सगळ्यांना दिसू द्या."

लोक जमले होते. ओढ्याकडच्या बाया, शेजारच्या बांधकामावरचे मिस्त्री, सुट्टी म्हणून खोलीवर असलेल्या दोन पोरी. कुणी माझ्या बाजूनं एक शब्द बोललं नाही. खोटं कशाला सांगू. पण कुणी हललंही नाही.

दोघांतला एक माणूस पुढं आला. त्याचाही तो रोजगारच. कुठून सुरुवात करावी ते त्याला कळेना, म्हणून तो खाली बसला आणि त्यानं माझा उजवा पाय पट्टीवरून उचलला. मला ते कळलं नाही. दिसलं. माझा पाय एका परक्या माणसाच्या हातात होता, आणि माझ्या अंगाला त्याची खबरच नव्हती. वीस-एकवीस वर्षांच्या माझ्या आयुष्यात किती जणांनी मला असं न विचारता उचललं, ठेवलं, सरकवलं, उलटं केलं, ते सगळे त्या हातात मला दिसले.

"पाय सोड," मी म्हणाले.

ओरडले नाही. त्याच्या तोंडाकडे बघून म्हणाले. "पाय माझा हाय. मला इचारल्याबिगर धरायचा न्हाई. ठेव जितला तितं."

त्यानं ठेवला. हळू ठेवला, पट्टीवर, बोटं सरळ करून. मग उठला आणि सरांना म्हणाला, "मला न्हाई जमायचं सर. तुमी उचला पायजे तर."

सरांचं तोंड लालेलाल झालं होतं. बाळ म्हणाले नाहीत. टेंपोत जाऊन बसले.

टेंपो गेला तशी आई आत गेली. तिनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी कामाला जाताना म्हणाली, "पुडच्या येळी पोलीस आनत्याल." मी म्हणाले, आणू दे. ती कधीच माझ्या बाजूची झाली नाही. मला तिची भीती कळते. तिची भीती मी घ्यायची मात्र नाही, हे तेव्हाच ठरवलं.

पोलीस आले नाहीत. पुण्यतिथीचं बोलावणंही नाही. बाबूभाईंनी सुद्धा नंतर जाणं सोडलं, असं पौडहून साडीला आलेल्या एकीकडून कळलं. मी केस पुन्हा वाढवले. ते पुन्हा चाकात जातात. दर रविवारी पुढची चाकं सोडवते, केस काढते, ग्रीस भरते. खोळ धुते आणि बाहेर रस्त्याकडच्या दोरीवर वाळत घालते.

यंदा, दोन हजार दहाला, दादासाहेबांचा मुलगा आला होता. गाडीतून, गॉगल, मराठीत अर्धं इंग्रजी. ट्रस्ट आता तो बघतो. सोबत एक नवी खुर्ची आणली होती. बाहेरदेशची म्हणे. हलकी. एका हातानं उचलता येईल अशी, मागची चाकं बटण दाबून निघणारी. म्हणाला, "ताई, जुनं विसरून जा. तुमच्यासारख्यांची स्टोरी लोकांपर्यंत गेली पाहिजे. कार्यक्रम आहे, तुम्ही स्टेजवर या, दोन शब्द बोला, खुर्ची तुमची."

मी खुर्ची बघितली. चाक फिरवून बघितलं. आवाज नाही. किती वेळ फिरत राहिलं ते.

मला ती हवी होती. हे लपवत नाही. माझी सात-आठ वर्षांची खुर्ची आता तीन ठिकाणी जोडलेली आहे, ग्रिलवाल्याकडून. त्या पाण्यानंतर छर्रे दोनदा बदलले तरी डावं चाक ओढतं, आणि ते ओढून ओढून माझा डावा खांदा रात्री ठणकतो.

मी म्हणाले, "खुर्ची पाहिजे. आधी मी बसून बघणार. माझ्या मापाची करून घेणार. नाव लिहायचं नाही, फोटो काढायचा नाही, परत मागायची नाही, आणि स्टेजवर मी येणार नाही. असं असेल तर ठेवून जा."

तो हसला. "ताई, असं नसतं. प्रोसेस असते."

"मग घेऊन जा."

त्याला वाटलं मी थट्टा करते. मी हसले नाही तेव्हा त्यानं मानेनं खूण केली. मग त्याच्या माणसानं खुर्ची मिटून गाडीत टाकली. गाडी वळेपर्यंत मी तिच्याकडे बघत होते.

आई दारातच होती. आता तिला नीट दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. म्हणाली, "तुझा ताठाच तुला खाईल एक दिस."

खाऊ दे. खांदा गेला तर दुसऱ्या हातानं ढकलीन. जोड सुटला तर पुन्हा ग्रिलवाल्याकडे जाईन. तो मुलगा परत येईल, नाहीतर दुसरं कुणी येईल, हातात काहीतरी चकचकीत घेऊन. त्यालाही हेच सांगेन, याच जागी बसून. मला आता या खुर्चीवरून कुणी उतरवायचं नाही. उतरायचं असेल तेव्हा माझी मी उतरेन.